वाट पाहण्याचे चार आठवडे: आगमनकाळात प्रार्थना कशी करावी

मराठीत आपण येणाऱ्याची वाट पाहतो, म्हणजे अक्षरशः तो ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे डोळे लावून बसतो. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचा अर्थ याहून सोप्या शब्दांत सांगणे मला जमलेले नाही. यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायात मात्र त्याच रस्त्याबद्दल दुसरी हाक ऐकू येते: अरण्यात परमेश्वरासाठी मार्ग तयार करा, दऱ्या भरून काढा, डोंगर सपाट करा. वाट पाहायचीही आहे आणि वाट करायचीही आहे, आणि या काळातील प्रार्थना या दोन कामांमध्ये येरझाऱ्या घालत असते.

हा लेख ज्यांनी आगमनकाळ आतापर्यंत केवळ खरेदी, करंज्या आणि गोठ्याची सजावट यांतच घालवला त्यांच्यासाठी आहे. तसाच तो जे नुकतेच मंडळीत आले आहेत, किंवा लग्नानंतर ख्रिस्ती घरात आले असून डिसेंबरमध्ये घरात नेमके काय चालले आहे ते समजून घेऊ पाहतात, त्यांच्यासाठीही आहे. आपण मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाणारे असा किंवा प्रोटेस्टंट मंडळीतील रविवारच्या उपासनेला, पुढील बहुतेक गोष्टी दोन्हीकडे चालतात, आणि जेथे फरक आहे तेथे मी तो सांगितला आहे.

आधी तारखा पाहून घ्याव्यात

पाश्चात्त्य परंपरेतील (कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट) मंडळ्यांमध्ये आगमनकाळ 30 नोव्हेंबरला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. त्यामुळे पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान कधीही येतो, आणि एकूण काळ 22 ते 28 दिवसांचा भरतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला सुरू होईल. पुढील रविवार 6, 13 आणि 20 डिसेंबरचे, म्हणजे हाती 26 दिवस. बाजारात मिळणारी चोवीस खिडक्यांची कॅलेंडरे 1 डिसेंबरपासून मोजतात, म्हणून मंडळीचा हिशेब आणि त्या कॅलेंडरांचा हिशेब जुळला नाही तर गोंधळून जाऊ नये.

या काळाचे दोन भाग आहेत आणि नवख्या माणसाची गफलत बहुधा येथेच होते. 16 डिसेंबरपर्यंतच्या वाचनांत बाळ येशू, मेंढपाळ वगैरे फारसे येत नाहीत. तेथे जागे राहा, पश्चात्ताप करा, प्रभू पुन्हा येणार आहे, असा कडक सूर असतो. 17 डिसेंबरपासून मात्र वाचने सरळ बेथलेहेमच्या दिशेने चालू लागतात. पहिल्याच दिवशी गव्हाणीसमोर बसून नाताळची गीते म्हणायला घेतली, तर मधले सगळे अंतर चालण्याचे राहून जाते. म्हणून 17 तारखेपर्यंत जन्मकथा न उघडण्याचा नियम मी स्वतःपुरता पाळतो.

जागा आणि दिवा

जागा मोठी लागत नाही. एक स्टीलचे ताट, त्यात बोटभर वाळू, वाळूत रोवलेल्या चार मेणबत्त्या आणि त्यांच्याभोवती हिरव्या फांद्यांचे कडे, एवढे पुरते. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावावी, दुसऱ्या रविवारी दोन, असे करत चौथ्या रविवारी चारही. मेणबत्त्यांचा रूढ रंग तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असा आहे; जांभळा प्रायश्चित्ताचा, आणि गुलाबी तिसऱ्या रविवारच्या आनंदाचा. रंग मिळाले नाहीत तर साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांनी काही बिघडत नाही. या प्रथेचे आजचे रूप जर्मनीतील आहे: हॅम्बुर्ग येथे गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवणारे योहान हिनरिख विखेर्न यांनी 1839 मध्ये, नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना दिसावे म्हणून, लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. मुलांचा रोजचा प्रश्न एकच होता, आणि ज्या घरात मुले आहेत तेथे तो आजही तोच असतो.

पाइनच्या फांद्या शोधत बसू नये. वसईच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत आणि सुरूची गळून पडलेली डहाळी ताटाभोवती उत्तम दिसते. गावाकडे आंब्याची पाने चालतात, ती आपल्या दारांना परकी नाहीत. एक सावधगिरी मात्र अनुभवाची आहे. सुरू आठवड्यात वाळतो, आणि वाळलेला सुरू कागदासारखा पेटतो. पहिल्या वर्षी दुसऱ्याच रविवारी माझ्या ताटातील कड्याने पेट घेतला आणि प्रार्थनेऐवजी तांब्याभर पाण्याची धावपळ झाली. पाने दर शनिवारी बदलावीत, आणि आपण उठून गेलो की दिवा विझलेलाच असावा.

वेळ कोणतीही चालते, पण ती रोज एकच असावी. लोकलने जाणाऱ्याने सकाळची पंधरा मिनिटे काढावीत, ज्या घरी स्वयंपाक उशिरा आटोपतो तेथे रात्रीची. सुरुवातीला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठरवू नये असे मी आग्रहाने सांगेन. चोवीस दिवसांचे वाचन, उपवास आणि दानधर्म यांचे रंगीत वेळापत्रक मीही एकदा केले होते आणि सहाव्या दिवशी ते कपाटात गेले.

पंधरा मिनिटांत काय करावे

बाराव्या शतकातील दुसरा गुइगो या कार्थुसियन मठवासीयाने शास्त्रवाचनातून प्रार्थनेकडे जाण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांतपणे देवासमोर राहणे. शिडीसारख्या त्या एकापुढे एक येतात, पण प्रत्यक्षात माणूस त्यांवरून वरखाली होतच असतो. प्रत्यक्ष कसे करावे ते एका उदाहरणाने दाखवतो.

दिवा लावून दोन मिनिटे काहीच न बोलता बसावे. मग यशया 40:1-5 हा उतारा ऐकू येईल एवढ्या आवाजात सावकाश वाचावा. पुन्हा वाचावा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द अडकेल तेथे थांबावे. समजा, प्रत्येक दरी उंच केली जाईल हे वाक्य अडकले. आता मननात आपली दरी कोणती हे पाहायचे. ती मोठी, तत्त्वज्ञानाची असण्याची गरज नाही. धाकट्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून तीन वर्षे बोलणे बंद आहे, ही दरीच आहे. त्या घराची भिंत आपल्या घराला लागून असली तरी ती दरीच आहे. हे समोर आले की आपोआप बोलावेसे वाटते, आणि ते बोलणे हीच प्रार्थना: 'प्रभो, ही दरी माझ्या एकट्याने भरणार नाही, पण पहिली पाटी माती मी टाकतो.' त्यानंतरची तीन-चार मिनिटे शब्दांशिवाय बसून राहावे. भाजीचे, ऑफिसचे, मुलांच्या परीक्षेचे विचार येतील, येऊ द्यावेत. अडकलेला तो शब्द मनात एकदा म्हणावा आणि परत यावे. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून दिवा विझवावा.

उतारे निवडताना अडचण वाटत असेल तर दोन मार्ग आहेत. चर्चच्या दिनदर्शिकेतील रोजची वाचने घेणे हा उत्तम मार्ग, कारण त्याच दिवशी असंख्य लोक तेच वाचत असतात. दुसरा मार्ग म्हणजे लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस आहेत, ते 1 डिसेंबरपासून रोज एक वाचणे. हा मार्ग लोकप्रिय आहे आणि वाईटही नाही, परंतु त्यात दुसऱ्याच दिवशी जन्म होऊन जातो आणि नाताळच्या आदल्या रात्री आपण पुनरुत्थानाशी येऊन पोहोचतो, त्यामुळे वाट पाहण्याची चव त्यात थोडी पातळ होते.

चार रविवार, चार प्रार्थना

पहिल्या आठवड्याचा विषय जागे राहणे हा आहे. येथे स्तोत्र 130 हाताशी ठेवावे. त्यात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याहूनही अधिक आतुरतेने प्रभूची वाट पाहणारा माणूस आहे. ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना हे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही. या आठवड्यासाठी एक छोटी प्रार्थना देतो, ती तशीच म्हणावी किंवा आपल्या शब्दांत बदलून घ्यावी.

'हे प्रभो, दिवस लहान झाले आहेत आणि माझ्या कामांची यादी लांब झाली आहे. तू येशील तेव्हा मी यादीतच मान घालून बसलेलो नसावे. माझ्या डोळ्यांवरची झापड काढ, आणि आज जो कोणी माझ्या दाराशी येईल त्याच्यात तुझी चाहूल मला लागू दे. आमेन.'

दुसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा करणारा योहान येतो आणि वाट करण्याचे काम सुरू होते. या आठवड्यावर मी मुद्दाम जास्त लिहीत आहे, कारण बहुतेक जण तो टाळतात. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक योहानाला विचारतात, तर मग आम्ही काय करावे? त्याची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा, जकातदाराने ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कोणाला धाक दाखवून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे. तो कोणालाही नोकरी सोडून अरण्यात या असे सांगत नाही. म्हणून या आठवड्यात रोज रात्री आपल्या धंद्याचे, नोकरीचे, घरातील वागण्याचे नाव घेऊन तोच प्रश्न विचारावा: मी शिक्षक आहे, मी काय करावे? मी सासू आहे, मी काय करावे?

येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाचे जे पाच टप्पे शिकवले, ते येथे फार उपयोगी पडतात. प्रथम दिवसाबद्दल आभार मानावेत. मग आपले पाप ओळखण्यासाठी कृपा मागावी. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून जाऊ द्यावा. जेथे चुकले तेथे क्षमा मागावी. आणि उद्यासाठी एक सुधारणा ठरवावी. क्रम महत्त्वाचा आहे. आभारांपासून सुरुवात केली नाही तर आत्मपरीक्षणाची झडती होते, आणि झडतीला बसलेला माणूस स्वतःलाच फसवू लागतो. कॅथलिक वाचकांनी याच आठवड्यात पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंसमोर आपली पापे सांगायला, जाऊन यावे. नाताळच्या आदल्या दिवशी लांबलचक रांगेत उभे राहून घाईघाईने उरकलेले निवेदन आणि हे निवेदन यांत बराच फरक पडतो.

'हे प्रभो, माझ्या वाटेवरचे दगड मीच आणून टाकले आहेत आणि प्रत्येक दगडाला मी एक चांगले कारण चिकटवले आहे. आज त्यांतला एक उचलण्याचे बळ दे. कोणता उचलायचा हे मी ठरवू नये, तू दाखव. आमेन.'

तिसरा रविवार आनंदाचा. त्याचे नाव आणि सूर पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील चौथ्या अध्यायातून येतात, जेथे तो प्रभूमध्ये सदा आनंद करा असे सांगतो, आणि ते पत्र त्याने तुरुंगातून लिहिले होते. योहानही पुढे तुरुंगातच पडला. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तो आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो की, येणारा तो तूच आहेस की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने बोट दाखवून ख्रिस्ताची ओळख करून दिली त्यालाच हा प्रश्न पडला. त्यामुळे आनंदाच्या आठवड्यात ज्यांना आनंद वाटत नाही, ज्यांच्या घरात यंदा मृत्यू झाला आहे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, प्रार्थना म्हणून विचारावा.

'हे प्रभो, तू तोच आहेस ना? मला खात्री हवी आहे. ती मिळेपर्यंत मी दिवा लावत राहीन. आमेन.'

चौथा रविवार मरीया आणि योसेफ यांचा. तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी योसेफाचे स्वप्न, दुसऱ्या वर्षी देवदूताने मरीयेला दिलेला संदेश आणि तिसऱ्या वर्षी मरीयेची अलीशिबेशी भेट वाचली जाते. मरीयेच्या होकाराबद्दल पुष्कळ बोलले जाते, म्हणून मी योसेफाकडे लक्ष वेधतो. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो झोपतो, स्वप्न पाहतो, उठतो आणि सांगितलेले करतो. ज्यांना शब्दांत प्रार्थना जमत नाही त्यांनी या आठवड्यात तेवढेच करावे.

उसने घेतलेले शब्द

रोज आपल्याच शब्दांत प्रार्थना केली तर ते लवकर संपतात. लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत तीन गीते आहेत आणि मंडळी ती शतकानुशतके रोज म्हणत आली आहे: सकाळी जखऱ्याचे गीत (1:68-79), संध्याकाळी मरीयेचे (1:46-55), झोपण्यापूर्वी वृद्ध शिमोनाचे (2:29-32). यांपैकी एकच पाठ करायचे असेल तर मरीयेचे करावे. राजांना सिंहासनावरून उतरवणारा आणि भुकेल्यांना तृप्त करणारा देव त्यात आहे, आणि जेवणानंतर भांडी घासताना ते म्हणता येते. जखऱ्या हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप; त्याचे गीत म्हणताना मात्र एवढे आठवावे की, देवदूतावर विश्वास न बसल्यामुळे तो मुका झाला होता आणि मुलगा जन्मून आठव्या दिवशी त्याचे नाव पाटीवर लिहीपर्यंत मुकाच राहिला. एवढ्या महिन्यांच्या मौनानंतर तोंडातून आलेले ते पहिले शब्द आहेत.

स्वतःची प्रार्थना रचावीशी वाटली तर ओवी हे माप आपल्या ओळखीचे आहे. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा ओव्यांतच सांगितली आणि ती 1616 मध्ये छापली गेली, तेव्हा हा प्रकार ख्रिस्ती प्रार्थनेला नवा नाही. माझ्या हातून झालेली एक येथे देतो, ती केवळ धीर यावा म्हणून.

'वाट पाहतां सरे रात्र । वात जळे इवलीमात्र ।
ये गा प्रभो हेंचि पात्र । रितें ठेविलें ॥'

17 डिसेंबरनंतर

17 डिसेंबरच्या मिस्सात मत्तयातील येशूची वंशावळ वाचली जाते. नावांची ती लांब यादी कंटाळवाणी वाटते, परंतु तीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको आहेत, म्हणजे ज्यांचे नाव घेताना एखाद्या कुळाने आवाज खाली आणला असता अशा स्त्रिया. त्या दिवशी आपली वंशावळ प्रार्थनेत म्हणावी. आजी, पणजी, घरात पहिल्यांदा विश्वास धरणारे कोणी, आणि घराने ज्यांचे नाव टाकले तेही. नावे मोठ्याने घ्यावीत. आपल्या घरात आपणच पहिले ख्रिस्ती असाल तर ज्यांना हे पटले नाही त्या आईवडिलांची नावे आधी घ्यावीत.

त्याच संध्याकाळपासून 23 डिसेंबरपर्यंत मरीयेच्या गीताआधी सात हाका म्हणतात. त्या हजार वर्षांहून जुन्या आहेत आणि प्रत्येकीत ख्रिस्ताला जुन्या करारातील एका नावाने हाक मारून 'ये' म्हटले आहे. 17 ला हे ज्ञाना, 18 ला हे प्रभो, 19 ला हे इशायाच्या मुळा (इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप), 20 ला हे दाविदाच्या किल्ली, 21 ला हे उगवत्या प्रकाशा, 22 ला हे राष्ट्रांच्या राजा, 23 ला हे इम्मानुएल. लॅटिनमधील या नावांची आद्याक्षरे शेवटून सुरुवातीकडे जोडली की दोन शब्द तयार होतात, त्यांचा अर्थ 'उद्या मी असेन' असा होतो. नवख्याने प्रत्येक हाकेपुढे आपले एक वाक्य जोडावे. किल्लीच्या दिवशी तुरुंगातील, व्यसनातील, अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाचे नाव घ्यावे. उगवत्या प्रकाशाची हाक वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास येते; त्या दिवशी एकदाच का होईना पहाटे उठावे. मुंबईत सूर्य तेव्हा सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे फार लवकर उठावे लागत नाही. पूर्वेकडे तोंड करून, काही न बोलता, उजाडेपर्यंत उभे राहावे.

गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून अनेक घरांत नाचणी किंवा गहू पेरतात. 15 तारखेच्या आसपास ओल्या मातीत दाणे टाकले तर नाताळपर्यंत बोटभर कोंब येतात. रोज पाणी घालताना तीच हाक म्हणावी. मुलांना ही प्रार्थना मेणबत्तीपेक्षा जास्त आवडते, कारण तीत रोज काहीतरी वाढलेले दिसते.

दिवस चुकले तर

चुकतील. पाहुणे येतील, ताप येईल, चर्चमधील गायनाचा सराव रात्री उशिरापर्यंत चालेल. चुकलेले दिवस भरून काढू नयेत. तीन दिवसांची वाचने एका बैठकीत उरकणे म्हणजे थकबाकी फेडणे झाले. ज्या तारखेला परत याल त्या तारखेपासून पुढे चालावे. अगदीच वेळ नसलेल्या दिवसासाठी एका शब्दाची प्रार्थना आहे: मारानाथा. येशूच्या मायबोलीतला, अरामी भाषेतला हा शब्द पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तसाच ठेवला आहे, आणि 'आमच्या प्रभो, ये' असा त्याचा अर्थ घेतात. श्वास घेताना 'मारा', सोडताना 'नाथा', असे स्टेशनच्या जिन्यावरही म्हणता येते.

24 डिसेंबरच्या संध्याकाळी गोठा पूर्ण मांडलेला असावा, पण गव्हाण रिकामी ठेवावी. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला तिचा ओला, गवताचा वास माहीत असतो. चारही मेणबत्त्या शेवटच्या एकदा लावून घरातील सर्वांनी त्या रिकाम्या गव्हाणीभोवती पाच मिनिटे बसावे, आणि प्रत्येकाने या चार आठवड्यांत ज्याची वाट पाहिली ते एका वाक्यात सांगावे, किंवा सांगू नये. मग मध्यरात्रीच्या मिस्साला निघावे. मूर्ती गव्हाणीत ठेवायची ती परत आल्यावर, घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून, आणि ते झोपले असेल तर सकाळी त्याला उठवून.